फोटो चाळीस, तरी फोन येतोच

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं मॅन्युअल, तपासणी तक्ते आणि रिपोर्ट यांतल्या चित्रांबद्दल आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींनी सोबत पानंही पाठवली, त्यामुळे उत्तरं नेमकी देता आली.

प्रश्न : आम्ही शेतीपंप बनवतो. मॅन्युअलमध्ये चाळीसेक रंगीत फोटो घातले, छपाईला भरपूर पैसे गेले. तरी ग्लँड पॅकिंग (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी दोरीसारखी वळी) बदलायची वेळ आली की शेतकऱ्याचा फोन येतोच. आणखी फोटो घालावेत का? (उद्यमनगर)

उलट निम्मे काढा. तुम्ही पाठवलेल्या पॅकिंगच्या पानावर एकच फोटो आहे. त्यात कपलिंग, बेसप्लेट, मागचा रंगवलेला दरवाजा सगळं लख्ख दिसतं आणि जिथे हात घालायचा तो स्टफिंग बॉक्स, म्हणजे पॅकिंग बसतं तो कप्पा, नेमका अंधारात आहे. कॅमेरा सगळ्यालाच सारखं महत्त्व देतो. म्हणून साधा नियम ठेवा : वस्तू ओळखायची असेल तिथे फोटो, काम करायचं असेल तिथे रेषाचित्र. नेमप्लेट कुठे आहे, झिजलेली स्लीव्ह (शाफ्टवरची नळी) कशी दिसते, याला फोटोच हवा. पॅकिंग कसं भरायचं, याला रेषाचित्र हवं.

या कामाला चार चित्रं पुरतात. पहिलं, जुनं पॅकिंग आकडीने बाहेर ओढण्याचं. दुसरं, नवी रिंग कापण्याचं : शाफ्टच्याच मापाच्या दांड्यावर पॅकिंग गुंडाळून ४५ अंशांत तिरका काप. तिसरं चित्र सगळ्यात मोलाचं. शाफ्टच्या टोकाकडून पाहिल्यासारखं काढा आणि प्रत्येक रिंगचा सांधा मागच्या रिंगच्या सांध्यापासून ९० अंश फिरवलेला दाखवा. हे शब्दांत सांगायला चार ओळी लागतात आणि तरी अर्धे लोक सांधे एका रेषेत बसवतात, मग पाणी सरळ वाट काढतं. चौथं, ग्लँडचे (पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे) दोन्ही नट थोडे थोडे आलटून-पालटून आवळण्याचं. पंपात लँटर्न रिंग (पॅकिंगच्या रिंगांमध्ये बसणारी, पाणी आत पोचवणारी भोकांची रिंग) असेल तर एक छेदचित्रही लागेल, कारण ती पाण्याच्या भोकाखाली आली की नाही हे बाहेरून कुठल्याच कोनातून दिसत नाही.

आता फोन का येतात ते बघा. बहुतेकांची तक्रार असणार, ‘पॅकिंग नवं टाकलं तरी गळतंय.’ ग्लँडमधून थोडं पाणी गळायलाच हवं. तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवतं. गळती पूर्ण बंद होईस्तोवर नट आवळला की पॅकिंग जळतं आणि स्लीव्हला चर पडतात. साधारण मिनिटाला ४० ते ६० थेंब चालतात. तुमच्या पंपाचा जो आकडा असेल तो चौथ्या चित्राच्या आतच, थेंबांशेजारी, ठळक छापा. खाली मजकुरात लिहिलात तर कुणी वाचणार नाही. पॅकिंगच्या मापाचंही तसंच : बॉक्सचा बोअर (आतला व्यास) वजा स्लीव्हचा व्यास, भागिले दोन. बोअर ६० मिमी आणि स्लीव्ह ४० मिमी असेल तर १० मिमी चौरस पॅकिंग. प्रत्येक मॉडेलची तीन मापं एका छोट्या तक्त्यात त्याच पानावर द्या.

रेषाचित्रासाठी ड्राफ्ट्समन हवाच असं नाही. काम करणारा माणूस जिथे बसतो किंवा उभा राहतो तिथूनच फोटो घ्या. समोरून घेतलेला छान फोटो इथे निरुपयोगी, कारण हातात पाना घेतलेल्या माणसाला पंप तसा दिसतच नाही. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, जवळचा भाग फुगल्यासारखा येतो. एक-दीड मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. मग इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो फोटो फिका करून खाली ठेवा, वरून रेषा गिरवा. बाह्यरेषा ०.५ मिमी, आतल्या रेषा ०.२५ मिमी. ज्या भागावर काम चाललंय त्या एकाच भागाला करडी छटा द्या. हात फक्त तिथेच काढा जिथे पकड महत्त्वाची आहे.

भाग दाखवणाऱ्या रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. रेषा भागाच्या पृष्ठभागावर संपत असेल तर टोकाला ठिपका, कडेवर संपत असेल तर बाण, ही ड्रॉइंगमधली रूढ पद्धत. हालचाल दाखवणारा बाण मात्र जाड, पोकळ ठेवा. दोन्ही बाण सारखेच दिसले तर ‘इकडे बघा’ आणि ‘इकडे फिरवा’ यात घोटाळा होतो.

नावं थेट चित्रावर लिहायची की आकडे टाकून खाली यादी द्यायची? पाच-सहा भाग असतील तर थेट नाव बरं, डोळ्यांची ये-जा वाचते. पण तुमचा माल निपाणी-चिकोडीकडेही जात असेल आणि कानडी मॅन्युअल लागत असेल, तर आकडेच टाका. चित्र एकदाच काढायचं, भाषेनुसार फक्त यादी बदलायची. आकडे घड्याळाच्या दिशेने लावा. वर-खाली उड्या मारणारे आकडे शोधताना माणूस वैतागतो.

प्रश्न : फौंड्रीत तपासणीच्या टेबलापाशी लावायला कास्टिंगच्या दोषांचा फोटो-तक्ता केला. पण ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं भोक) काय, सँड इन्क्लुजन (धातूत अडकलेली वाळू) काय, सगळे काळे डागच दिसतात. इन्स्पेक्टर म्हणतात, यापेक्षा नुसती नावं बरी होती. (शिरोली एमआयडीसी)

उजेड चुकलाय. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत खड्ड्यात सावली पडत नाही आणि खोली दिसत नाही. फ्लॅश बंद करा. एक एलईडी दिवा कास्टिंगच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ लागून, १५ ते २० अंशांवर धरा. शॉट ब्लास्ट केलेल्या (धातूच्या छऱ्यांचा मारा करून साफ केलेल्या) करड्या पृष्ठभागावर असा आडवा उजेड पडला की दोष वेगळे ओळखू येतात : ब्लोहोलची आतली भिंत गुळगुळीत आणि गोलसर, सँड इन्क्लुजनची कड वेडीवाकडी आणि आत वाळूचे कण अडकलेले, श्रिंकेजची (धातू थिजताना आकसून पडलेली) पोकळी आतून खडबडीत, कोल्ड शट म्हणजे गोल कडा असलेली रेघ, जणू दोन प्रवाह भेटले पण जुळले नाहीत. मशीनिंग झालेली चकचकीत बाजू असेल तर दिव्यासमोर बटर पेपर धरा, नाहीतर पांढरा झळाळ येईल. मोबाइल स्वतःहून फोटो उजळ करतो. स्क्रीनवर दोषावर बोट टेकवून एक्स्पोजर (उजेडाची पातळी) थोडं खाली ओढा.

प्रत्येक दोषाचे दोन फोटो हवेत. एकात पूर्ण कास्टिंग आणि दोषाची जागा खडूने गोल केलेली, दुसऱ्यात जवळून तोच दोष. जवळच्या फोटोत स्टीलची पट्टी ठेवा, पण ती दोषाच्याच पातळीत. वर-खाली ठेवली तर माप फसवं दिसतं. ‘आकार कळावा म्हणून’ शेजारी पेन ठेवायची सवय सोडा.

पण खरी अडचण पुढे आहे. इन्स्पेक्टरला दोषाचं नाव तुमच्याआधी माहीत असतं. त्याला हवंय ते एवढंच : हा पीस पास करू की बाजूला टाकू? तुमच्या तक्त्यात प्रत्येक दोषाचा सगळ्यात वाईट नमुना आहे. तो तर कुणीही टाकून देईल. त्याऐवजी तीन फोटो शेजारी-शेजारी लावा : चालेल, जेमतेम चालेल, चालणार नाही. मधला फोटो मिळवायला सगळ्यात वेळ लागतो. त्याला तेवढा वेळ द्या, कारण रात्रपाळीला वाद होतो तो त्याच पीसवर. खाली ग्राहकाच्या ड्रॉइंगमधली अट आकड्यांत लिहा : भोकाचा जास्तीत जास्त व्यास, खोली, किती जागेत किती भोकं, आणि ही बाजू पुढे मशीन होणार की नाही. खोली नेमकी किती ते फोटोवरून कळत नाही, ती आकड्यातच सांगावी लागते.

शक्य असेल तिथे खरा पीस कापून, ग्राहकाकडून मान्य करून घेऊन, टेबलाशेजारी टांगा. फोटो त्याच्या खालोखाल. छापायचं असेल तर ए३ आकारात, मॅट लॅमिनेशन करून. ग्लॉसी लॅमिनेशनवर वरचा दिवा चमकतो आणि माणूस तक्त्यापुढे मान वाकडी करून उभा राहतो. कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख हवीच. ग्राहकाने अट बदलली आणि भिंतीवर जुनाच तक्ता राहिला, तर तक्ता नसण्यापेक्षा ते वाईट.

प्रश्न : प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेवटी एक आकृती वाढवली की सगळे नंबर चुकतात. आणि प्रिंट काढली की ग्राफ धुरकट येतात. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

नंबर हाताने टाकू नका. वर्डमध्ये आकृतीवर राइट-क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ वापरा. मजकुरात ‘आकृती ३.२ पाहा’ हेही ‘क्रॉस-रेफरन्स’ने टाका. शेवटी कंट्रोल-ए, मग एफ९. सगळे नंबर आपोआप जुळतात आणि ‘इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स’ने घातलेली आकृत्यांची यादीही सुधारते. चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवलंत तर ते पानभर भटकणार नाही. रूढ पद्धतीप्रमाणे आकृतीचं शीर्षक खाली, तक्त्याचं वर.

धुरकटपणाला कारणं दोन. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं आपोआप दाबतो. ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डखाली ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा, चित्रं घालण्याआधीच. दुसरं कारण व्हॉट्सअॅप : मित्राकडून ग्राफ फोटो म्हणून मागवला की त्याचे पिक्सेल कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ८० मिमी रुंद फोटोला साधारण ९४५ पिक्सेल रुंदी लागते, १७० मिमीला दोन हजार. ग्राफ आणि स्क्रीनशॉट जेपीजीत ठेवू नका, रेषांभोवती घाण दिसते. पीएनजी वापरा, जमलं तर एसव्हीजी.

आणि शीर्षकात ‘प्रयोगाचा ग्राफ’ एवढंच लिहून थांबू नका. ‘भार वाढला तसं इंधन किती लागलं’ असं लिहा, म्हणजे परीक्षकाला काय बघायचं ते कळेल. बार ग्राफचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. ८२ आणि ८५ मधला फरक डोंगराएवढा दाखवणारे रिपोर्ट परीक्षकांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

प्रश्न : रेपियर मागांच्या (ग्रिपरने बाण्याचा आडवा धागा ओढून विणणाऱ्या मागांच्या) दुरुस्तीसाठी फिटरला पुस्तिका करतोय. बिघाड शोधायला तक्ता बरा की फ्लोचार्ट? (इचलकरंजी)

एका तपासणीच्या उत्तरावर पुढची तपासणी ठरत असेल तर फ्लोचार्ट. कारणं एकमेकांपासून सुटी असतील तर तक्ता. तुम्ही दिलेलं उदाहरण, ‘बाण्याचा धागा सारखा तुटतो’, हे दुसऱ्या प्रकारचं आहे : फीडरवरचा ताण जास्त, सिरॅमिक गाइडला खाच पडलेली, ग्रिपर झिजलेला, कोनच (धाग्याची गुंडाळीच) खराब. तक्ता करा, पण ओळींचा क्रम विचार करून लावा. आधी ज्याला हत्यार लागत नाही ते, मग ज्याला मशीन खोलावं लागतं ते. कोन बदलून बघायला वेळच लागत नाही. ते शेवटच्या ओळीत असेल तर फिटर आधी ग्रिपर खोलून बसेल.

पहिल्या रकान्यात लक्षण फिटरच्याच तोंडच्या शब्दांत लिहा. ‘वेफ्ट इन्सर्शनमध्ये अनियमितता’ असं लिहिलंत तर त्याला आपली ओळ सापडणार नाही. वरचंच पुन्हा आहे हे सांगायला दोन टिंबं किंवा ‘वरीलप्रमाणे’ टाकू नका. तक्ता पुढच्या पानावर गेला की ते अनाथ होतात. वर्डमध्ये ‘रिपीट हेडर रोज’ चालू ठेवा.

‘धागा तुटलेला नाही तरी माग थांबतो’ याला मात्र फ्लोचार्ट. सेन्सरची संवेदनशीलता कमी केल्यावर थांबणं बंद झालं का, यावरच पुढचा रस्ता ठरतो. एका पानावर दहा-बारा चौकटींपेक्षा जास्त नकोत. ‘हो’ कायम खाली, ‘नाही’ कायम उजवीकडे. दिशा एकदा जरी बदलली तरी घाईतला माणूस चुकतो. प्रत्येक फांदीच्या टोकाला काहीतरी करण्याजोगं हवं, निदान ‘सुपरवायझरला बोलवा’ एवढं तरी.

प्रश्न : परदेशी ग्राहकाने मॅन्युअल परत पाठवलं. म्हणतो, इशारे नीट नाहीत आणि ड्रॉइंग उलटं वाटतं. (कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी)

ड्रॉइंग बहुधा उलटं नसेल. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, अमेरिकेत थर्ड अँगल; दोन्हींत बाजूंची दृश्यं विरुद्ध जागी मांडतात. प्रोजेक्शनचं चिन्ह, तो कापलेला शंकू, टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) नसेल तर तिकडचा माणूस डावं-उजवं उलट वाचणारच. चिन्ह टाका. ग्राहक अमेरिकेतला असेल तर कॅडमधून थर्ड अँगलचीच प्रत काढून द्या, हा काही वादाचा विषय नाही.

इशाऱ्यांसाठी दोन मानकं लागतील : चिन्हांना आयएसओ ७०१०, आणि वापराच्या सूचना कशा लिहाव्यात यासाठी आयईसी/आयईईई ८२०७९-१, ज्याची सध्याची आवृत्ती २०१९ ची. पिवळा त्रिकोण म्हणजे धोक्याची जाणीव, निळं वर्तुळ म्हणजे ‘हे कराच’, तिरकी रेघ असलेलं लाल वर्तुळ म्हणजे मनाई. अमेरिकन पद्धतीत शब्दांच्या पायऱ्या आहेत : ‘डेंजर’ म्हणजे मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, आणि ‘नोटिस’ म्हणजे फक्त मालाचं नुकसान. तुमच्या मॅन्युअलमध्ये बेल्टमध्ये हात जाण्यालाही ‘सूचना’ आणि रंग उडण्यालाही ‘सूचना’. ग्राहक रागावला तर आश्चर्य नाही.

इशारा कृतीच्या आधी छापा. ‘गार्ड काढा’ लिहून पुढच्या पानावर ‘त्याआधी मेन स्विच बंद करा’ ही चूक आम्हाला आलेल्या दर दुसऱ्या मॅन्युअलमध्ये दिसते. आणि पान एकदा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर टाकून बघा. लाल आणि हिरवा दोन्ही करडे होतात. शिवाय हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसंही असतात, पुरुषांत जास्त. तेव्हा रंग काढून घेतला तरी आकार आणि शब्दांवरून अर्थ कळायला हवा.

प्रश्न : परिशिष्टात काय टाकावं आणि काय मजकुरात ठेवावं, याचा काही नियम? (गोकुळ शिरगाव)

मशीनवर हात असताना जे लागतं ते मागे टाकू नका. बोल्ट आवळण्याचा टॉर्क त्या पायरीतच हवा, तेलकट हाताने कुणी पानं मागे-पुढे करणार नाही. सगळ्या टॉर्कचा एकत्र तक्ता, वायरिंग डायग्राम, वंगणाचा तक्ता, सुट्या भागांची यादी, देखभालीची नोंदपत्रकं ही मागे. भागांच्या यादीत क्रमांक, नाव, माप आणि एका मशीनला किती नग, हे चार रकाने हवेत. शेवटचा बरेच जण विसरतात आणि मग चार ओ-रिंगऐवजी एकच येते.

सूची असेल तर तीत भागांच्या नावांइतकीच लक्षणंही घाला : ‘पंप पाणी उचलत नाही’, ‘मोटर तापते’. माणूस पुस्तक उघडतो तेव्हा त्याला बिघाड माहीत असतो, भाग नाही. आणि थ्री-फेज मोटरच्या पंपात ‘उलटा फिरतो’ ही नोंद हवीच, कारण जोडणीतल्या कुठल्याही दोन फेज अदलाबदल झाल्या की तसं होतं. फिरण्याची दिशा मात्र बाणाने केसिंगवरच दाखवलेली बरी.

प्रश्न : चित्रांवरची मराठी अक्षरं छापखान्यात तुटतात. (राजारामपुरी)

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर भलतंच दिसतं. आधी सगळं युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणा. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडाक्षरं सुटत असतील तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावा. पीडीएफ पाठवण्याआधी प्रॉपर्टीजमधल्या फाँट्समध्ये प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ आहे का बघा. चित्रातली अक्षरं आउटलाइनमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारांत) बदलून पाठवली तर तुटण्याचा प्रश्नच नाही, फक्त बदलता येणारी मूळ प्रत जपून ठेवा. चित्र अंतिम आकाराला आणल्यावरच त्यावर अक्षरं टाका. मोठ्या चित्रावर लिहून मग चित्र लहान केलं की ८ पॉइंटच्या खाली गेलेले रफार आणि अनुस्वार शाईत बुजतात.

प्रश्न : चित्रांऐवजी सरळ क्यूआर कोड देऊन व्हिडिओ दाखवला तर? (हुपरी)

सोबत द्या, बदल्यात नको. विहिरीच्या तळाशी किंवा नदीकाठच्या मोटरघरात रेंज मिळेलच असं नाही. कोड किमान २ सेंमीचा ठेवा. लांबून स्कॅन करायचा असेल तर अंतराच्या दहाव्या भागाएवढा. चारही बाजूंनी कोडमधल्या चार बारीक ठिपका-चौकोनांएवढी कोरी जागा सोडा, बॉर्डर चिकटवू नका. मशीनवर लावायचा असेल तर त्रुटी-दुरुस्तीची ‘एच’ पातळी निवडा, सुमारे ३० टक्के भाग तेलाने झाकला गेला तरी वाचता येतो. कोडमध्ये व्हिडिओची थेट लिंक न घालता तुमच्या वेबसाइटवरच्या पानाची घाला. व्हिडिओ बदलला तरी छापलेलं स्टिकर बदलावं लागणार नाही. कोडखाली व्हिडिओचं नाव आणि किती मिनिटांचा आहे तेही लिहा.